पावले कोणासाठी मोजायची?

काही दिवसांपूर्वी जतमधील एका घरी मी पोहोचले, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि घरातल्या आजोबांची साडेपाच हजार पावले चालून झाली होती. आजोबांचे वय सत्त्याहत्तर. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, त्याला जेमतेम दोन महिने झालेले. अशा माणसाने सकाळच्या प्रहरीच एवढी पावले टाकावीत, हे ऐकून मला आनंदाऐवजी धास्ती वाटली. सूनबाईंनी मोबाइलवरचा आकडा दाखवला. आकडा अगदी खरा होता. घड्याळ मात्र आजोबांच्या मनगटावर नव्हते. ते अंगणात पकडापकडी खेळणाऱ्या नातवाच्या मनगटावर होते, आणि आजोबा खाटेवर निवांत पडून त्याचा खेळ पाहत होते.

"घड्याळ चालतंय न्हवं?" ते मला म्हणाले. "मग झालं. पुण्याला आकडा पोचला की पोरगं बिनघोर झोपतंय."

सूनबाईंचा चेहरा पडला. मी हसले, पण घरी परतताना ते वाक्य मनातून जाईना. फिजिओथेरपीच्या व्यवसायात इतकी वर्षे घालवूनही मी ज्या प्रश्नाशी नेहमी अडखळते, तो प्रश्न त्यांनी एका वाक्यात मांडला होता. माणूस चालतो तो कोणासाठी? आज त्याविषयी लिहिते आहे. आजोबांची आणि सूनबाईंची परवानगी घेतली आहे, आणि घरात सगळे त्यांना आबा म्हणतात तसेच मीही इथे म्हणणार आहे.

आबा तरुणपणी पैलवान होते. मोठे नाव झालेले नव्हेत; यात्रा-जत्रांच्या मैदानांत उतरणारे, गावकीच्या तालमीत घडलेले. आपल्या भागातील मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की तिथे कुस्त्या चढत्या क्रमाने लागतात. आधी लहान मुलांच्या, रेवड्यांवरच्या नि नारळावरच्या. मग थोड्या पैशांच्या. उन्हे उतरली की मोठ्या इनामाच्या जोडी सुटतात आणि हलगीचा ठेका बदलतो. आबा या पायऱ्या चढत मधल्या टप्प्यापर्यंत गेले, मग शेती आणि संसार मागे लागला. लाल मातीत आयुष्याची पंधरा वर्षे घालवलेला हा माणूस न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर घसरून पडला. मिरजेत शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसवली. पायावर पूर्ण भार देऊन चालायला हरकत नाही, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर आबांनी चालण्याचे नावच काढले नाही.

अशा वेळी खाट ही आरामाची जागा राहत नाही, याची जाणीव घरच्यांना असणे अगत्याचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या मांडीचे स्नायू तरुण माणसापेक्षा फार लवकर झिजतात. पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा, छातीत कफ साचून न्यूमोनिया होण्याचा आणि पाठीवर शय्याव्रण होण्याचा धोका दिवसागणिक वाढतो. खुबा मोडल्यानंतर माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर फिरू लागेल की नाही, हे बरेचसे त्या पहिल्या काही महिन्यांत ठरते. तेव्हा नातवाच्या मनगटावरचे घड्याळ ही केवळ हसण्याची गोष्ट नव्हती. आबांचे दिवस वाया जात होते.

त्यांना उठवण्यासाठी तिघांनी तीन उपाय केले होते. मुलाने पुण्याहून ते घड्याळ पाठवले, दहा हजार पावलांचे लक्ष्य लावून दिले आणि रोज रात्री फोनवर हिशेब घ्यायला सुरुवात केली. सूनबाईंनी सकाळचा दुसरा चहा अंगणातल्या दोन फेऱ्यांवर ठेवला. फेऱ्या नाहीत तर चहा नाही. तिसरा उपाय माझा होता, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. मी त्यांना भीती घातली होती. "असेच पडून राहिलात तर कायमचे अंथरुणाला खिळाल," असे मी पहिल्याच भेटीत बजावले होते. ते असत्य नव्हते. त्याने ते आठ दिवस चाललेही. नवव्या दिवशी भीती शिळी झाली. घड्याळाचे तेच झाले, आणि चहाच्या बाबतीत आबांनी चहाच सोडून दिला.

खेळाडूंचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ प्रेरणेचे दोन प्रकार सांगतात. खेळण्यातच रस आहे, डाव जमला की अंगावर मूठभर मांस चढते, म्हणून खेळणे ही आंतरिक प्रेरणा. पदक, पैसा, शाबासकी मिळावी किंवा शिक्षा, टीका, लाज टळावी म्हणून खेळणे ही बाह्य प्रेरणा. हे वर्गीकरण ऐकायला सोपे आहे. या दोन प्रेरणा एकमेकींशी कशा वागतात, हे पाहू गेल्यावर मात्र काही अनपेक्षित गोष्टी समोर आल्या.

१९७३ साली प्रसिद्ध झालेला मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग मला विशेष आवडतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत तीन ते पाच वर्षांची जी मुले आपणहून आवडीने चित्रे काढत असत, अशी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले छानसे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने पुन्हा मांडून ठेवली, या वेळी बक्षिसाचा विषय नाही. अचानक बक्षीस मिळालेली मुले आणि काहीच न मिळालेली मुले पूर्वीसारखीच चित्रांत रमली. ज्यांना आधी बक्षिसाचा वायदा केला होता, ती मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. जे काम काल खेळ होते, ते आज बिनपगारी मजुरी वाटू लागले, असाच त्याचा अर्थ लावता येतो. त्याआधी १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला देऊन असाच अनुभव नोंदवला होता. प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळालेले विद्यार्थी पैसे थांबताच कोड्यांपासून दूर झाले.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर या प्रयोगांचा भलताच अर्थ घेतला जाईल. बक्षिसाने मरते ती आधीपासून असलेली आवड. जे काम मुळातच कंटाळवाणे आहे, तिथे मारण्यासारखे काही नसते. खाटेवर बसून पाय सरळ करणे, पाच मोजणे, पुन्हा खाली ठेवणे, असे वीस वेळा करणे हे कोणाही शहाण्या माणसाला रंजक वाटणार नाही. तेव्हा सुरुवातीला चहाचे आमिष दाखवले, तर सूनबाईंनी पाप केले असे मुळीच नाही. आमिषाने माणूस खाटेवरून उठतो. अडचण पुढची आहे. आमिषाचे किंवा धाकाचे सारे लक्ष आकड्यावर असेल, तर माणूस आकडा भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधतो. आबांनी तो शोधला, आणि मैदानात प्रतिस्पर्ध्याची कच्ची बाजू हेरण्याचा सराव असलेल्या माणसाला तो सापडणारच होता.

दहा हजार या आकड्याविषयीही सांगून टाकते, कारण अनेक घरांत ज्येष्ठांच्या मागे हा आकडा लागलेला मी पाहते. तो कोणा वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली असताना, १९६५ मध्ये तेथील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडा जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पावलांची नोंद ठेवून अभ्यास केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर हा लाभ आणखी वाढताना दिसला नाही. अशा अभ्यासातून चालण्यामुळेच आयुष्य वाढले असे ठामपणे म्हणता येत नाही. जे धडधाकट तेच अधिक चालतात, असेही असू शकते. तरी खुबा मोडलेल्या माणसाला दहा हजारांचे लक्ष्य देणे म्हणजे रेवडीच्या कुस्तीतल्या पोराला एकदम हिंदकेसरीसमोर उभे करण्यासारखे आहे. तो हरणार, आणि हरणार हे त्याला आधीच कळलेले असल्याने तो मैदानात उतरणारच नाही.

मग बाहेरची प्रेरणा वाईट आणि आतली चांगली, असा सरळ निवाडा करावा का? माझे मन तसे करू धजत नाही, आणि त्याला कारण आहेत बारामतीच्या लता भगवान करे. त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मजुरी करून पोट भरणारे हे कुटुंब. पतीच्या आजाराच्या तपासणीला पैसे लागणार होते आणि ते नव्हते. २०१४ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीला पाच हजार रुपयांचे बक्षीस आहे, असे साठी ओलांडलेल्या लताबाईंना कळले. त्या नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढल्या दोन वर्षीही त्यांनी ती शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटात त्यांची भूमिका त्यांनीच केली, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

आता ही प्रेरणा आतली म्हणायची की बाहेरची? हिशेबाने पाहिले तर शंभर टक्के बाहेरची. पाच हजार रुपये नसते तर त्या धावल्या नसत्या. पण त्या रुपयांसाठी त्यांना कोणी ढकलले नव्हते. कोणी घड्याळ बांधून रात्री हिशेब विचारत नव्हते. धावणे हे साधन होते आणि ज्यासाठी धावायचे ते त्यांचे स्वतःचे होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८० च्या दशकापासून प्रेरणेचा जो सिद्धान्त विकसित केला, त्यात हीच बारीक रेघ ओढलेली आहे. बाहेरून आलेले कारणही माणूस मनोमन आपलेसे करू शकतो, आणि मग ते जवळजवळ आतल्या प्रेरणेइतकेच टिकते. पैसा की आनंद, यापेक्षा 'हे माझ्याकडून करवून घेतले जात आहे' की 'हे मी करतो आहे', हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा भेद आबांना समजावण्याची गरज नव्हती, हे मला पुढच्या भेटीत कळले. जतवरून जाणारा विजापूर-गुहागर महामार्ग पुढे कराडला पोहोचतो, आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे आबांचे दैवत. त्या दिवशी व्यायामाचा शब्दही न काढता मी त्यांना खाशाबांविषयी विचारले, तर खाटेवरचा माणूस चक्क उठून बसला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा मातीऐवजी गादीवर लढून सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर ते पुन्हा मैदानात उतरले ते कुस्त्या लावून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

आबा हे सारे सांगत होते आणि मी घड्याळाकडे पाहत होते, माझ्या. ते पंचवीस मिनिटे आधाराशिवाय ताठ बसले होते. त्याआधी दहा मिनिटांत त्यांची पाठ दुखत असे.

"तुम्हाला तुमच्या कुस्त्यांची इनामं आठवतात का?" मी विचारले.

त्यांनी थोडा विचार केला. "इनाम कितीचं हुतं त्ये न्हाई आठवत. पर कुणाला कुठल्या डावावर पाडलं त्ये समदं आठवतंय."

डेसी आणि रायन यांचे म्हणणे असे, की मनातली उमेद टिकायला तीन गोष्टींचे खतपाणी लागते. निर्णय आपल्या हातात असणे, काहीतरी आपल्याला जमते आहे असे वाटणे, आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना. मोडक्या खुब्याने आबांच्या तिन्ही गोष्टी एका दिवसात हिरावून घेतल्या होत्या. कधी उठायचे, कधी नहायचे, किती चालायचे हे इतर ठरवत होते. ज्या अंगाने माणसे उचलून आपटली, ते अंग स्वतःला पेलेना झाले होते. आणि तालमीच्या कट्ट्यावरची संध्याकाळची बैठक, जिथे त्यांना अजूनही कोणी वस्ताद म्हणत असे, ती बंद पडली होती. यात आपण तिघे त्यांना काय देत होतो? आकडा, चहा आणि धाक.

निर्णय हातात असण्याचे महत्त्व वृद्धांच्या बाबतीत किती आहे, हे १९७६ च्या एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांच्या प्रयोगात दिसले होते. अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले गेले, की तुमची खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा, आणि हे एक रोपटे निवडून त्याची काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर तशीच रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक सतर्क, अधिक फिरती आणि अधिक समाधानी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण आपल्या घरात आजी-आजोबांच्या कुंडीला पाणी कोण घालते, हे एकदा पाहायला हरकत नाही.

मी आबांना विचारले, पायाने उद्याच ऐकले तर पहिल्यांदा कुठे जाल? उत्तर ताबडतोब आले. नातू तालमीत जाऊ लागला होता. त्याला जोर काढताना पाहायचे होते. "त्येचा गुडघा आत पडतोय. सांगणारं कोन न्हाई."

त्यानंतर घरात जे बदलले, ते फार मोठे नाही. घड्याळ काढून कपाटात ठेवले. घरापासून तालमीपर्यंतची पावले नातवाने मोजली, ती चारशेच्या आत भरली. जाऊन-येऊन आठशे धरा. दहा हजारांचा डोंगर उतरून एक गल्ली आणि एक वळण एवढेच उरले. व्यायाम सकाळी करायचा की संध्याकाळी, हे आबांनी ठरवले. त्यांनी पहाट निवडली, तालमीची वेळ म्हणून. आणि नावे बदलली, हे मात्र त्यांचे कर्तृत्व. उंच खुर्चीवरून हाताचा आधार कमीत कमी घेत उठायचे आणि सावकाश बसायचे, हा मांड्या बळकट करण्याचा उत्तम व्यायाम मी त्यांना महिनाभर शिकवत होते आणि ते त्याला पोरखेळ म्हणत होते. एका सकाळी मी गेले, तर ते नातवाला सांगत होते, "ह्या माझ्या बैठका. आज सात." सात म्हणजे सात. मी आठवी मागितली नाही.

सूनबाईंनीही बोलण्याची पद्धत बदलली. "आज चाललात का?" या प्रश्नात हजेरी घेतल्याचा सूर असतो. त्याऐवजी त्या विचारतात, "मामा, आज कुठवर जायचं म्हणताय?" उत्तर कधी "वळणापर्यंत" असे येते, कधी "दारापर्यंत", आणि कधी "आज न्हाई". तो नकारही मान्य करायचा असे आम्ही ठरवले आहे. फक्त सलग दुसऱ्या दिवशी आला तर मला कळवायचे. कौतुकाचेही तसेच. "वा, शहाणे आमचे आबा," हे लहान मुलाला म्हणावे. "काल उंबऱ्यापाशी थांबावे लागले होते, आज थांबला नाहीत," हे सांगितले की माणसाला आपली प्रगती आपल्या डोळ्यांनी दिसते. अधूनमधून न सांगता एखादी आवडीची वस्तू पुढे ठेवावी; बालशाळेतल्या त्या मुलांप्रमाणे, अवचित मिळालेल्या भेटीने आवड आटत नाही. आबांना दुसरा चहा आता बिनशर्त मिळतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या घरातील ज्येष्ठ उठत नाहीत, चालत नाहीत, कशातच रस घेत नाहीत, तेव्हा त्याला आळस किंवा हट्ट म्हणण्याआधी तपासणी करून घ्या. न सांगितलेली वेदना, रक्ताची कमतरता, थायरॉइडचा विकार, झोपेच्या किंवा इतर औषधांची गुंगी, कंपवात, अशी अनेक कारणे उमेदीचा मुखवटा घालून लपलेली असतात. वृद्धापकाळातील नैराश्य तर पुष्कळदा रडण्याच्या रूपात येतच नाही. भूक मंदावते, पहाटेच जाग येते, आवडीची माणसे आली तरी मन उघडत नाही, बोलणे कमी होते. खाशाबांचे नाव काढल्यावर आबांचे डोळे उजळले, म्हणून मी निश्चिंत झाले. ते उजळले नसते, तर मी त्यांना बैठका नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला असता. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते साठीनंतरही लागू पडतात. तसेच चालताना छातीत दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, चक्कर येणे किंवा शस्त्रक्रियेच्या पायाच्या पोटरीला अचानक सूज आणि वेदना येणे, यांपैकी काहीही झाले तर उमेदीची चर्चा बाजूला ठेवून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

ज्यांची प्रकृती बरी आहे, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची आहे, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हा आकडाही डोक्यावर घेऊ नये. आपल्या जतेत उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर पडणे शहाणपणाचे नसते, तेव्हा मिनिटांपेक्षा ऊन पाहावे. आणि सोबत शोधावी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला पायी जाणाऱ्या भाविकांत साठी-सत्तरीची माणसे पाहिली की माझ्या मनात नेहमी येते, की यांना व्यायाम म्हणून एवढे चालायला सांगितले असते तर यांनी मलाच वेड्यात काढले असते.

एका व्यक्तीविषयी मात्र या सगळ्या चर्चेत कोणीच विचारले नव्हते, मीही नाही. सूनबाई पहाटे उठतात, आबांच्या बैठका मोजतात, डबे करतात, द्राक्षबागेच्या कामावर जातात आणि रात्री पुण्याच्या फोनला उत्तर देतात. त्यांच्या उमेदीला कोणते खतपाणी आहे? मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आठवड्यातून एक सकाळ कुणी काही विचारू नये." एवढेच. मुलाला मी फोन करून हे सांगितले. तो प्रामाणिक आहे; आपण घड्याळ पाठवले म्हणजे काळजी घेतली, अशी त्याची खरोखरच समजूत होती. आता तो महिन्यातून दोनदा रविवारी येतो आणि ती सकाळ त्याची असते. त्याच्यासमोर आबा पाच बैठका जास्त काढतात. हीसुद्धा बाह्य प्रेरणाच झाली. मी तिला हरकत घेतलेली नाही.

आबा अजून तालमीपर्यंत पोहोचलेले नाहीत. वॉकर घेऊन वळणापर्यंत जातात, तिथल्या ओट्यावर विसावतात आणि परततात. मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची यात्रा आहे आणि त्याआधी त्यांना नातवाचा गुडघा सुधारायचा आहे. परवा त्यांनी मला विचारले, की हौद्याच्या कडेला बसून बघितले तर चालेल ना? सळई बसवलेल्या खुब्याला फार खाली बसणे सध्या सोसणार नाही, म्हणून त्या कडेची उंची मोजून आणायला मी नातवाला टेप दिली आहे.